कॅलेंडर निघणार नाही

पहिल्या भेटीतच ती त्याच्यावर भडकली. भडकणार नाही तर काय! दवाखान्याच्या पोर्टलसाठी तिने जीव ओतून कॅलेंडर केलं होतं. पेशंटने तारीख निवडली की कॅलेंडरने त्याने केलेल्या शेजारच्या यादीला कळवायचं आणि यादीने डॉक्टर दाखवायचे. पण सकाळी दवाखान्याच्या लोकांसमोर पडदा पांढराफटक पडला, आणि साहेबांनी फर्मान सोडलं की कॅलेंडर काढा, जुनंच बसवा.

यादीवाला वरच्या मजल्यावरून लॅपटॉप काखोटीला मारून आला. साहेबांचा लाडका, आणि वर हसतोय.

"तुमचं कॅलेंडर भलतंच काहीतरी पाठवतंय..."

"तारीख आणि वेळ पाठवतंय. आधी नुसती तारीख जायची. बदल सगळ्यांना कळवलाय मी. तुमची यादी उघडा."

त्याने उघडली. कॅलेंडरकडून निरोपात काय येणार, हे लिहायच्या जागी त्याने चक्क 'any' लिहिलं होतं, म्हणजे काहीही आलं तरी चालेल. असं लिहिलं की कॉम्प्युटर चूक दिसूनही चकार शब्द काढत नाही. त्याचे कान लाल झाले. घाई होती, असं काहीतरी पुटपुटला.

मग दोघं एकाच पडद्याला डोळे लावून बसले. त्याने 'any' खोडून तिथे 'तारीख आणि वेळ' असं नेमकं लिहिलं आणि लपलेल्या चुका भराभरा लाल झाल्या. एकेक निस्तरताना कोपराला कोपर लागलं... कोणीच बाजूला घेतलं नाही. शेवटी यादीत डॉक्टर दिसले.

तेवढ्यात साहेब आले. चाललं तरी कॅलेंडर निघणारच, म्हणाले. आपली शोभा झालीय, कोणावर तरी खापर फोडायला हवं.

ती ताडकन उठली. "कॅलेंडर निघणार नाही. चूक त्यात नव्हती."

"माझ्यात होती, साहेब," तो म्हणाला. "खापर माझ्यावर फोडा. कॅलेंडर काढलंत तर माझी यादीही काढा."

साहेबांना आपला लाडका गमवायचा नव्हता. राहू दे म्हणून ते धुसफुसत काचेच्या केबिनमध्ये गेले.

"कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला? मी एकटी पुरून उरले असते."

"माहीत आहे. पण मला... तुमच्या बाजूने उभं राहायचं होतं. आजच नाही. नेहमीच."

 तरी तिचा आवाज खाली आला नाही.

"मी घरीही अशीच भांडते. कोणासाठी बदलणार नाही. आणि हो, तुम्ही मला आवडलात."

"बदलू नका," तो म्हणाला.

तिने भर ऑफिसात, साहेबांच्या काचेसमोर, त्याचा हात धरला.