नव्यासारखं सामान

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचं डोकं तिच्या कुकरमध्ये होतं.

थट्टा नाही, अगदी खरं! बंदरामागच्या कस्टमच्या गोदामात, पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत असताना, एक उंच, सडपातळ अधिकारी उकिडवा बसला होता आणि हातात बॅटरी घेऊन कुकरच्या तळाशी काहीतरी शोधत होता. आजूबाजूला तिचीच खोकी. एकावर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात ‘नाजूक, हळू ठेवणे’, दुसऱ्यावर ‘फार नाजूक’, आणि तिसऱ्यावर नुसतंच ‘कृपया!’

“काही हरवलंय का?” तिने विचारलं.

त्याने डोकं बाहेर काढलं. केस विस्कटलेले, नाकाच्या शेंड्यावर शिक्क्याची जांभळी शाई. “ओरखडा शोधतोय,” तो म्हणाला. “एक तरी ओरखडा. तुमचंच का हे सामान?”

“हो. आणि ओरखडा काही सापडायचा नाही. आमच्या घरात ओरखड्याला परवानगी नाही.”

तो हसला. हसला म्हणजे काय, ओठ जागचे हलले नाहीत, डोळे तेवढे हसले. तिला ते आवडलं. आता यात आवडण्यासारखं काय होतं? पण आवडलं खरं.

ती नाटकाचे कपडे शिवायची. इथल्या एका नाट्यगृहाच्या कपडेपटात तिला नोकरी मिळाली होती आणि अट एकच होती — मशीन आणि हत्यारं स्वतःची आणायची. म्हणून ती विमानाने पुढे आली आणि शिलाई मशीन, कात्र्या, भांडीकुंडी, पांघरुणं असं सगळं बोटीने मागून आलं. आलं आणि इथे अडकलं.

“नियम साधा आहे,” तो उठून गुडघे झाडत म्हणाला. “दुसऱ्या देशातून राहायला येणाऱ्या माणसाचं वापरातलं सामान आम्ही बिनशुल्क सोडतो. पण वापरातलं हं. निदान वर्षभर तुमच्याकडे असलेलं. नवंकोरं असेल तर शुल्क पडतं. आणि हे... हे सगळं काल दुकानातून उचलल्यासारखं दिसतंय. खोकी मूळची, आतला थर्मोकोलसुद्धा मूळचा!”

तिने कपाळावर हात मारला. “अण्णा!”

“कोण अण्णा?”

“माझे वडील.”

अण्णांविषयी सांगायलाच हवं. घरात टीव्ही आला की त्याचं खोकं माळ्यावर जाणार. रिमोटवरचं प्लॅस्टिक जन्मात निघणार नाही. सोफ्यावर कव्हर, कव्हरवर चादर, आणि पाहुणे यायचे असले की चादरीवर टॉवेल. लेक परदेशी निघाली म्हटल्यावर तर त्यांच्या अंगात वारंच शिरलं. त्यांनी कुकर घासघासून आरशासारखा केला, कढयांच्या मुठी बदलल्या. ज्या मशीनवर ती शिकाऊ असल्यापासून टिपा मारत आली होती, त्याला काळा कुळकुळीत रंग देऊन वर सोनेरी वेलबुट्टी चिकटवली. परक्या मुलखात लोकांनी नावं ठेवता कामा नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं. मशीनवरची नंबराची पट्टी घासता घासता नंबरच गुळगुळीत झाला, त्याला ते बिचारे काय करणार!

“पावत्या असतील की,” तो म्हणाला. “जुन्या पावत्या दाखवा, काम झालं.”

पावत्या होत्या. अण्णांनी एकूण एक पावती जपून ठेवली होती. आणि त्या टिकाव्यात म्हणून निघायच्या आधी हौसेने लॅमिनेट करून आणल्या होत्या. दुकानातल्या त्या पातळ, गुळगुळीत पावत्या! त्या गरम यंत्रातून बाहेर आल्या त्या काळ्या ठिक्कर पडून. तिने मुकाट्याने पर्समधून गठ्ठा काढून दिला. तो एकेक उजेडाकडे धरून बघू लागला.

“ही कशाची?”

“बहुतेक इस्त्रीची.”

“आणि ही?”

“ती पण बहुतेक इस्त्रीचीच.”

आता मात्र त्याला हसू आवरेना. तिलाही आवरेना. शेवटी तिने अण्णांनाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“साहेब, नमस्कार!” अण्णांचा आवाज गोदामभर घुमला. “सामान पोचलं ना? कसं, नव्यासारखं आहे की नाही?”

“अगदी नव्यासारखं आहे, काका. तोच तर प्रश्न आहे.”

“अहो, मग विचारा ना प्रश्न! संकोच कसला? कशाने घासलं ते सगळं सांगतो!”

तिने फोन बंद केला आणि मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. कारण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सगळं सामान नवं ठरलं असतं, तर ते शुल्क तिच्या ऐपतीबाहेरचं होतं. नाही भरलं तर सामान आल्या पावली परत. मशीन नाही तर नोकरी नाही, आणि दादाने तर बजावूनच ठेवलं होतं, “सामान परत आलं की तूही ये बाई, इथे काय कमी आहे तुला?” कमी काहीच नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं, आणि तिला इथे राहायचं होतं.

“घाबरू नका,” तो म्हणाला. “एकेक खोकं नीट बघू. वापरलेली वस्तू कुठेतरी चुगली करतेच.”

खोकं मालकासमोरच उघडायचं, असा नियम होता. त्यामुळे नाट्यगृहातली तालीम लवकर सुटली की ती छत्री सावरत गोदामात यायची, आणि तो एक खोकं — फार तर दोन — उघडायचा. इतर अधिकारी एका दुपारी डझनभर खोकी हातावेगळी करायचे. हा गडी मात्र चमच्यांची पेटी उघडली की प्रत्येक चमच्याची विचारपूस करत बसायचा! तिच्याही ते लक्षात आलं होतं. तिने तक्रार केली नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

एकदा त्याने एका खोक्यावरची चिठ्ठी वाचली. “‘ठकूची उशी.’ ठकू कोण?”

“कोणी नाही,” ती घाईने म्हणाली.

“उशी तर आहे तिची.” त्याने गंभीर चेहऱ्याने उशी उलटसुलट केली. “यावर कोणी झोपलेलं दिसत नाही.”

“मी झोपलेय! रोज. तोंड उघडं टाकून.”

“हे रिपोर्टात लिहू?”

“लिहून तर बघा, शिक्केसाहेब!”

हे नाव तिने मनातल्या मनात ठेवलेलं, तोंडातून निसटलंच. तिने जीभ चावली. तो नाकावरून बोट फिरवत म्हणाला, “अजून आहे का शाई?” आणि ती खो खो हसली. त्या दिवशी छपरातून एक धार थेट तिच्या खोक्यावर पडायला लागली, तर त्याने न बोलता ते बाजूला सरकवलं आणि गप्पांच्या नादात स्वतः त्याच धारेखाली उभा राहिला. शर्टाचा खांदा भिजून काळा झाला तरी पठ्ठ्याला पत्ता नाही. घरी परतताना बसमध्ये ती एकटीच हसत होती, आणि शेजारच्या बाईने तिच्यापासून जरा सरकून घेतलं.

ती प्रेमात पडली होती. दुसरं काय!

ओरखडा मात्र कुठेच सापडला नव्हता. शेवटी मशीनचं खोकं राहिलं. सगळं आता मशीनवरच अवलंबून होतं. ते उघडायच्या दिवशी ती गोदामात शिरली, तर तो हात मागे बांधून उभा. बॅटरी नाही, कटर नाही.

“हे मला तपासता येणार नाही,” तो म्हणाला. “तुमची फाईल मी मोठ्या मॅडमकडे दिलीय. उद्या त्या बघतील.”

मोठ्या मॅडमची कीर्ती तिने गोदामातल्या हमालांकडून ऐकली होती. त्यांच्या हातून नवी टाचणीसुद्धा सुटत नाही म्हणे. “पण का? ते मशीन माझंच आहे, जुनं आहे, यावर तुमचा विश्वास नाही?”

“आहे ना. तीच तर पंचाईत आहे.” तो खाली बघत राहिला. पाऊसही जरा थांबून ऐकतोय असं वाटलं. “मला ते सुटायला हवंय. फार हवंय... काल घरी नियमांचं पुस्तक घेऊन बसलो होतो — तुमच्यासाठी कुठे फट सापडते का, ते बघत. ज्याला फट शोधावीशी वाटते ना, त्याने तपासायचं नसतं.”

“एवढा जीव माझ्या सामानात?”

“सामानात नाही हो,” तो अगदी हळू म्हणाला. “तुम्ही इथे राहावं म्हणून.”

मग तिला आला राग! “वा! मी राहावं म्हणून मला मॅडमच्या तावडीत दिलंत? अहो, त्यांनी सामान परत पाठवलं म्हणजे?”

“मग तुम्ही जाल,” तो म्हणाला. “मला ठाऊक आहे.”

तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तिने ते गिळलं, छत्री उघडली आणि पाठ फिरवून चालू लागली. अर्ध्या रस्त्यात राग निवला. इतका सरळ माणूस, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो आणि वर तोंडावर सांगतो! तिला रडू आलं, आणि फार बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडम आल्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, साखळीला अडकवलेला चष्मा. त्यांनी प्लॅस्टिकचे थर फाडले, सोनेरी वेलबुट्टी पाहिली, गुळगुळीत पट्टीवरून बोट फिरवलं आणि भुवई वर चढवली.

“हे जुनं?”

“हो, मॅडम. वडिलांनी—”

“वडिलांचं ऐकलंय मी. दोरा ओवा. चालवून दाखवा.”

रीळ हातात आलं आणि हात आपोआप कामाला लागले. वरच्या कडीतून, ताणाच्या चकत्यांमधून, खालीवर नाचणाऱ्या दांडीच्या भोकातून दोरा सरसर खाली आला. तिने चिंधीवर एक लांब, सरळ टीप मारली. इथे आपण राहणार की नाही, हे ती विसरूनच गेली होती.

“थांबा!” मॅडम एकदम वाकल्या. चष्मा चढवला. “ही चर कसली?”

दोरा ज्या भोकातून वरखाली होत होता, त्याच्या कडेला पोलादात एक बारीक चर पडली होती. इतकी बारीक की दोरा नेमका तीत बसला होता म्हणून दिसली.

“ती... दोऱ्यानेच पडलीय, मॅडम. रोज तिथूनच जातो ना. चर पडायला खूप वर्षं लागतात. ती इतकी रोजची झालीय, की मी तिच्याकडे कधी बघितलंच नाही.”

मॅडमनी चरीतून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग चष्मा छातीवर सोडला. “तुमच्या वडिलांच्या हातून एवढं एक घासायचं राहिलं, नशीब तुमचं!” त्यांनी शिक्का उचलला आणि दणकन मारला. “बाकीचंही सोडतेय. ज्या माणसाने इतकं जुनं मशीन असं चमकवलं, तो कुकर घासल्याशिवाय सोडतोय होय! जा, टेम्पो बोलवा. आणि बाहेर तो सकाळपासून पन्हळीखाली उभा आहे, त्याला आत यायला सांगा. तापबीप भरेल.”

ती धावतच बाहेर आली. तो खरंच तिथे होता, चिंब. तिला वाटलं, जरा छळावं, चेहरा पाडावा. पण त्याने मान वर केली आणि त्या डोळ्यांकडे पाहून तिला ते जमेना.

“सुटलं,” ती म्हणाली. “सगळं सुटलं. मी राहतेय.”

त्याने श्वास सोडला, हात पुढे केला आणि म्हणाला, “अभिनंदन.”

“अभिनंदन? एवढंच?”

“माझं सांगून झालंय,” तो चाचरत म्हणाला. “तुम्ही काल त्यावर काहीच बोलला नाहीत... तेव्हा मी समजलो की—”

“काय समजलात, कपाळ माझं! मला तुम्ही आवडता. कधीपासून ते विचारू नका, मलाच लाज वाटेल. काल अगदी ओठांवर आलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?” त्याने कळवळून विचारलं. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या!”

“कशी बोलणार? माझं सामान तुमच्या ऑफिसात अडकलेलं,” ती म्हणाली. “काल बोलले असते, तर ती लाच झाली असती.”

त्याने तिचा हात हातात घेतला, आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला तरी सोडला नाही.