दोन दिवस सायकल बंद

त्या रविवारी आमच्या काकानं चक्क एका स्कूटीला मागे टाकलं!

पोशीरहून कळंबला जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना वालाची शेतं, अंगाला चावणारी थंडी... पुढे हरेशकाका त्याच्या नव्या गियरच्या सायकलवर, मागे मी माझ्या शाळेच्या सायकलवर धापा टाकत. काका एकोणसाठ वर्षांचा. खोपोलीच्या कारखान्यातून रिटायर झाला आणि त्यानं ही सायकल घेतली. काकीला जाऊन बारा वर्षं झालीत. घरात तो फार बोलायचा नाही, फक्त पायडल मारायचा. वेड्यासारखा!

निळ्या स्कूटीवर अबोली ओढणीवाली एक बाई होती. काकानं तिला गाठलं, ती हसली, काकानं वळून पाहिलं — आणि अजून जोर लावला. पुलाशी ती आणि मी पोचलो तेव्हा काका कठड्यावर बसला होता. तोंड लालबुंद, दोन्ही हात कपाळावर.

ती थांबली. डिकीतून बीपीचं मशीन काढत म्हणाली, "जिंकलात की! आता बक्षीस घ्या. हात."

"अवो मॅडम... असा रस्त्यात?"

"हातच मागतेय. सातबारा नाही."

मी फिस्सकन हसले. पण मशीनवर एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे दोन आलं, तेव्हा ती हसली नाही.

"गोळी घेता?"

"घेत होतो. आता येवढा व्यायाम करतो, मंग गोळी कशाला?"

"वा! बांध फुटायला आलाय आणि तुम्ही वरून पंप लावलाय. आणि ही बाटली कोरडी का? पाणी पीत नाही?"

काकानं माझ्याकडे पाहिलं. "रिया, तू जरा म्होरं हो गं."

मी चार पावलं पुढे गेले. कान मात्र मागेच होते.

"रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"...चारदा. कवा पाचदा. आनि धार अडकते. म्हनून पानीच कमी केलंय."

"घरी सांगितलंत?"

"ही काय सांगायची गोष्ट हाय?"

"तीस वर्षं नर्स होते मी. हीच गोष्ट ऐकत आले. या वयात प्रोस्टेटची गाठ बऱ्याच पुरुषांची वाढते. लाजून ती आत जाते का? उद्या कर्जतला डॉक्टरांकडे जायचं. आणि तपासून घेईपर्यंत ही शर्यत बंद."

ती विनिता सिस्टर. कळंबला भावाकडे राहायची. आईचं आजारपण काढता काढता लग्न राहून गेलेली. तिनं नंबर दिला, काकानं तो तीनदा तपासून घेतला...

काका डॉक्टरांकडे गेला. गोळ्या सुरू झाल्या, सोनोग्राफी झाली. शर्यत बंद? छे! काका ऐकणारा थोडाच. आठवड्यानं प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला. आकडा नऊ. हवा होता चारच्या आत. डॉक्टर "पुढे बघावं लागेल" म्हणाले, काकानं एवढंच ऐकलं — कॅन्सर.

त्यानं सायकलवर ताडपत्री टाकली. सिस्टरचा फोन वाजायचा आणि हा नुसता बघत बसायचा. तिसऱ्या दिवशी निळी स्कूटी आमच्याच दारात!

"फोन का उचलत नाही?"

"उचलून काय बोलू? माझं काय खरं नाय आता. तुमी कशाला गुंतताय?"

"गुंतायचं की नाही ते माझं मी बघेन. रक्त द्यायला कशानं गेलात?"

"...सायकलनं."

"आणि आदल्या दिवशी?"

काका सायकलवरची ताडपत्री सारखी करू लागला. मीच ओरडले, "पार खालापूरपर्यंत! जाऊन-येऊन!"

तिनं कपाळावर हात मारला. "अहो, एवढी सायकल दामटली की तो आकडा चढू शकतो! चढतोच असं नाही, पण चढू शकतो. डॉक्टरांना हे सांगितलंत?"

"त्यांनी इचारलंच नाय."

ती स्वतः त्याला घेऊन गेली. ठरलं ते असं — पाच आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं, आणि त्याआधी दोन दिवस सायकलला हातही लावायचा नाही. तोवर रोज संध्याकाळी चालायचं. "बोलता येईल इतक्याच वेगानं," सिस्टरनं बजावलं.

आणि काय सांगू... काका बोलायलाच लागला! कालव्याच्या कडेनं दोघं चालायची. काका तिच्यासाठी वालाच्या शेंगा खिशात भरून न्यायचा. ती म्हणायची, "दम लागला का हो?" हा म्हणायचा, "चालून नाय लागला..." आणि मग दोघं उगाच लांब डोंगराकडे बघायची. प्रेशर एकशे बत्तीसवर आलं. सिस्टर म्हणाली गोळ्यांनी, मी म्हटलं शेंगांनी.

पाच आठवडे संपले. नव्या रिपोर्टचं बंद पाकीट घेऊन काका ओटीवर बसला. सिस्टर समोर उभी.

"चांगला निघाला, तर तुमाला येक इचारायचंय," काका म्हणाला.

"आणि वाईट निघाला तर?"

"तर... नाय."

सिस्टरनं पाकिटावर तळवा ठेवला. "मग उघडायच्या आधी विचारा. नंतर विचारलंत तर मी ऐकणार नाही."

काकानं पाकीट मांडीवर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "बारा वर्षं मला कोनी इचारलं नव्हतं, हरेश, तुला काय होतंय... तुमी इचारलंत. भर रस्त्यात. त्याचे उपकार मी कसे फेडू मला कळत नाय. राहाल माझ्यासंगं? जितकं असंल तितकं?"

"राहीन," ती म्हणाली. "जितकं असेल तितकं. आणि उपकार-बिपकार नको. मलाही आजवर कोणी शेंगा आणल्या नव्हत्या."

काकानं ओंजळीत तोंड लपवलं. पाकीट माझ्या हातात आलं. मी फाडलं — तीन पूर्णांक एक! चारच्या आत! मी ओरडायला तोंड उघडलं, तर सिस्टरनं माझा हात घट्ट धरला. तिचेही डोळे भरले होते.

"थांब गं जरा," ती कुजबुजली, "आधी त्यांना रडून घेऊ दे."