गाडीतळाचा चौधरी

“हात लावू नको, वच्छे,” सहदेव म्हणाला. “अगोदर नीट पाहू दे.”

दोन्ही बैल दावणीजवळ आडवे पडले होते. तोंडाला फेस होता आणि डोळे उघडेच होते. शिमग्याच्या सुट्टीचा पहिलाच दिवस. तेरा वर्षांचा सहदेव आणि अकरा वर्षांची वच्छला आपल्या वडिलांच्या, जानरावांच्या, मेलेल्या बैलांकडे बघत उभी होती.

साल होतं १८६४. अमेरिकेत आपसांत लढाई पेटल्यामुळे तिकडचा कापूस बंद पडला होता, म्हणून अकोल्यात दोन परदेशी कोठ्या आल्या होत्या. एक इंग्रजांची, दुसरी फ्रेंचांची. आगगाडी अजून इथवर पोचली नव्हती. रुईच्या गाठी बैलगाड्यांनीच जायच्या, आणि कोणाच्या गाठी आधी निघणार हे ठरवायचा गाडीवानांचा चौधरी. जुना चौधरी वारला होता. आज दुपारी गाडीवान नवा निवडणार होते : जानराव नाहीतर बद्रुद्दीन.

“बद्रुद्दीनच्या माणसांनी हौदाच्या पाण्यात विष कालवलं,” असं इंग्रज कोठीचा दलाल पुंजाराम सकाळपासून ओरडत होता. ते ऐकून जानरावांची माणसं काठ्या घेऊन धावत गेली होती.

थोड्याच वेळात बद्रुद्दीनचा मुलगा ताहेर आला. सहदेवच्याच वर्गातला. सदऱ्यावर रक्त होतं, पण त्याचं स्वतःचं नव्हतं.

“तुमच्या लोकायनं अब्बाचा हात मोडला,” तो म्हणाला. “ते तं झोपेतून उठून राहिले होते.”

वच्छला हळूच म्हणाली, “ताहेर, त्याच हौदाचं पाणी बाकीचे बैलही प्याले. ते सारे जिते हायेत.”

तिघं खाली बसून दावणीजवळ धुंडाळू लागली. कडब्याखाली एक जाड निळा कागद सापडला. त्याला गूळ आणि पीठ चिकटलं होतं.

“हा इंग्रज कोठीतला कागद,” ताहेर म्हणाला. “रुईचे नमुने याच्यातच बांधते पुंजाराम. मी अब्बासंगं गेलो तवा पाहिला.”

“पण पुंजारामकाका तं बाच्या बाजूचे,” सहदेव म्हणाला. “ते आमचेच बैल काहून मारतीन?”

“लोकायले राग यावा म्हणून,” वच्छला म्हणाली. “रागानं सारे आपल्या बालेच निवडतीन.”

ताहेरने मान खाली घातली. “आमच्या इकडंही तेच. फ्रेंच कोठीचा दलाल किसनराव काठ्या वाटून राहिला. म्हणते, बदला घ्या, मंग अब्बाले निवडा.”

सहदेव वडिलांकडे धावला. जानरावांनी त्याचं ऐकूनही घेतलं नाही. “मोठ्यायच्या कामात पोरायनं पडू नये,” एवढंच ते म्हणाले.

दुपारी कडुनिंबाखाली दोन मडकी मांडली गेली. ज्याला जो हवा त्याच्या मडक्यात त्याने सरकीचा एक दाणा टाकायचा. दोन्हीकडे काठ्या होत्या. बद्रुद्दीन हात झोळीत बांधून बसला होता.

वच्छला टोपली घेऊन आली आणि गूळपिठाचे लाडू वाटू लागली. गाडीवानांना तिने ते पानावर दिले. पुंजारामपुढे मात्र निळ्या कागदातला लाडू धरला.

“खा ना, काका.”

पुंजारामचा चेहरा पांढरा पडला. त्याने तिच्या हाताला फटका मारला. “फेक तो! इख हाये त्यात!”

वच्छलाने लाडू उचलला, माती झटकली आणि अर्धा खाल्ला. “आत्ताच वळला मी. लाडवात इख असते हे तुमाले कसं ठाऊक? तुमी तं पाण्यात म्हणत होते.”

सहदेवने दावणीतला कागद वर धरला.

जानराव उठले. “काहून केलं, पुंजाराम?”

“तुमी अन् बद्रुद्दीन, दोघंही कोठीचा पैसा घेत नव्हते,” तो पुटपुटला. “ज्याचा माल मुंबईले पयले पोचते, त्यालेच भाव भेटते. कोठीले आपला चौधरी पाहिजे होता. भांडणात निवडून आलेला चौधरी आधाराले कोठीच्याच ओट्यावर येते.”

किसनराव मागच्या मागे सटकत होता. ताहेर त्याच्या वाटेत उभा राहिला. “अन् या काठ्या कोणाच्या गोदामातून आल्या, तेही सांगा.”

बद्रुद्दीनच्या माणसांनी एकेक करून काठ्या खाली टाकल्या. दोन्ही दलालांना गाडीतळाबाहेर काढलं. आठवड्याच्या आत दोन्ही कोठ्यांनी नवे दलाल धाडले, ती गोष्ट वेगळी.

जानरावांनी आपला दाणा बद्रुद्दीनच्या मडक्यात टाकला. त्यांच्यामागून इतरांनीही टाकले. चौधरी झालेल्या बद्रुद्दीनने तिन्ही मुलांना जवळ बोलावलं.

“आमी दाढीमिशीवाले आंधळे झालो होतो,” तो म्हणाला. “तुमी डोळे उघडे ठेवले. शाबास.”

जानराव त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. “माफ कर, भाऊ.”

बद्रुद्दीनने झोळीतल्या हाताकडे पाहिलं.

“हाड दोन महिन्यांत जुडते, जानराव. मनाचं मले ठाऊक नाई.” मग तो ताहेरकडे वळला. “यायच्या गाडीले बैल नाईत. आपली जोडी सोड अन् यायच्या गाडीले जुप.”