ओला पाय

भट्टीवाला रात्रभर पाव भाजायचा आणि दिवसा मेल्यासारखा झोपायचा. उजेडाने डोकं उठतं म्हणून त्याने मागच्या खोलीच्या खिडकीला पोती ठोकली होती. भर दुपारी आत गेलं तरी आपलाच हात आपल्याला दिसायचा नाही. ही खोली आधी त्याच्या थोरल्या वहिनीची. ती गेली, भाऊ घर सोडून निघून गेला. रिकामी खोली काय चाटायची? हा तिथे झोपायला लागला.

त्या दुपारी त्याची लहानगी पोरगी त्याच्याजवळ येऊन झोपली होती. बायको पुढे शिलाई मशीनवर. तिची खडखड त्याला अंगाईसारखी.

त्याला जाग आली ती वेगळ्याच आवाजाने. टप... टप... कुठेतरी पाणी ठिबकत होतं. खोलीत नळ नाही, घागर नाही. वर साबणाचा वास. त्याने अर्धवट झोपेत एक शिवी हासडली आणि दिवा लावला.

पोरीच्या उशाशी भिंतीला वटवाघूळ चिकटलं होतं. उडायचं त्राण नसल्यासारखं. तोंड उघडं टाकून नुसतं बघत होतं.

"थांब, तुझ्या आयला!" त्याने चप्पल उचलली.

बायको धावत आली. "मारू नका! डोकं चेचलंत तर दवाखान्यात काय तपासतील, तुमची चप्पल?"

"तपासायचंय कशाला? चावलंय का कुणाला? पोरगी मजेत घोरतेय."

"झोपलेल्या पोराला कळतंय होय? त्याचे दात सुईपेक्षा बारीक. मोठ्या जाऊबाईंच्या अंगावर तरी काय दिसलं होतं? वटवाघूळ चावलं म्हणाल्या, तर हसला होतात सगळे."

भट्टीवाल्याचा हात खाली आला. वहिनीचं शेवटचं त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. घोटभर पाणी पुढे केलं की बाई किंचाळत सुटायची. रेबीजचं ते पाण्याचं भय एकदा सुरू झालं की डॉक्टरही हात टेकतात. लस घ्यायची ती आधीच.

त्याने भट्टीचे जाड हातमोजे चढवले, पावाचा रिकामा डबा वटवाघळावर दाबला, मागून पुठ्ठा सरकवला आणि सगळं दोरीने आवळलं. पोरीला खांद्यावर टाकून तिघं दवाखान्यात.

नर्सबाईने डबा लांबच ठेवून घेतला. "मारलं नाहीत, बरं केलंत. उघडा हात नाही ना लावला?"

"नाही."

"तपासणीचं कळेपर्यंत थांबायचं नाही. पोरीची इंजेक्शनं आजच सुरू. तुमचीही. त्याच खोलीत झोपला होतात ना?"

"मला कशाला? माझं कातडं भट्टीत भाजून निघालंय."

"मग सुई टोचताना बोंबलू नका."

बायको इतक्या काळजीतही फिसकन हसली. नर्सबाईने बॅटरी घेऊन पोरीचं अंग बघायला घेतलं. मान, हात, पाठ... घोट्यापाशी ती थांबली. टाचणी टोचावी तसे दोन ठिपके.

"हे बघा. पण धुतलंय झकास. असंच धुवायला हवं, साबण लावून, वाहत्या पाण्यात, बराच वेळ."

"धुतलं?" बायको म्हणाली. "आम्हाला दिसलंच आत्ता..."

भट्टीवाल्याने पोरीचा पाय हातात घेतला. गार होता. बोटांच्या बेचक्यात फेस होता, अजून ओला.

"कुणी धुतलं गं?"

"काकूने."

पोरगी जन्मली ती वहिनी गेल्यानंतर. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता.

"कुठली काकू?"

"आपल्या खोलीतली. मी म्हटलं, पुरे ना. तर म्हणाली, अजून थोडं... अजून थोडं..." पोरीने मोठी जांभई दिली. "पण बाबा, ती पाण्याकडे बघतच नव्हती. तोंड फिरवून, डोळे घट्ट मिटून धुवत होती."