खालचा थर

बॅग कशी भरायची हे मावशीला कुणी शिकवायची गरज नव्हती. उभं आयुष्य तिने एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळला होता आणि दौऱ्याची पेटी भरायची तिची पद्धत ठरलेली होती. शेवटच्या प्रवेशाचे कपडे तळाशी, पहिल्या प्रवेशाचे सगळ्यात वर. ऐन वेळी हात घालायचा, वर येईल ते नटाच्या अंगावर चढवायचं, शोधाशोध नाही. कंपनीत लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. निवृत्तीनंतरही ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

दुसऱ्यांच्या पेट्या भरण्यात जन्म गेला. आता पहिल्यांदाच ती स्वतःची बॅग भरत होती, तीही आठवडाभराच्या जहाजाच्या सहलीसाठी. एकटीच निघाली होती.

"या वयात? समुद्रावर?" लेक पलंगाच्या कडेला बसून म्हणाली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि तिकीट काढल्यापासून रोज येऊन हेच विचारायची.

"समुद्रावरच. जहाज गच्चीवर चालत नाही, माझा नाइलाज आहे."

"आणि तिकडे काही झालं म्हणजे?"

"घरात बसून कुणाचं काही व्हायचं राहिलंय का?"

जहाजातल्या खोलीच्या भिंती लोखंडी असतात असं कळल्यावर मावशीने टोपी-टॉवेल अडकवायला चुंबकाचे हुक आणले होते. मळमळीच्या गोळ्या, उन्हाचं मलम, न घसरणाऱ्या सपाता. जेवणाच्या हॉलमध्ये एसी फार असतो म्हणून शाल. मोठी बॅग खोलीत उशिरा पोचते, तेव्हा औषधं आणि कागदपत्रं खांद्यावरच्या पिशवीत. पोहण्याचा पोशाख पाहून लेकीने तोंड फिरवलं, म्हणून मावशीने तो मुद्दाम सगळ्यात वर ठेवला. आणि तळाशी, शेवटच्या संध्याकाळच्या मेजवानीसाठी, स्वतः शिवलेला हिरवा रेशमी झगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उघडली तर पोहण्याचा पोशाख ओला होता.

नुसता दमट नव्हे, पिळला तर पाणी निघेल असा. मावशीने छत पाहिलं, नळ पाहिला, बॅगेचं अस्तर चाचपलं. सगळं कोरडं. बोट जिभेला लावलं. पाणी खारट होतं.

लेक आली तेव्हा मावशीने तो पोशाख तिच्या हातात दिला. लेकीने तो न्हाणीघरात नेऊन दांडीवर टाकला.

"आंघोळीला घालून बघितला असशील, आई. विसरली असशील."

ती हे हळुवारपणे म्हणाली आणि तेच मावशीला जास्त लागलं. तळपायाची आग मस्तकात गेली. हिला पुढचं काही सांगायचं नाही असं तिने तिथेच ठरवलं. सांगितलं तर आधी डॉक्टर येईल आणि मग तिकीट रद्द होईल.

मग मलमाची ट्यूब निम्मी झाली, तीही मधोमध दाबलेली, मावशी दाबते तशी. सपातांचे तळ झिजले. मावशी ट्यूब घेऊन तणतणत दुकानात गेली.

"वापरलेला माल विकता होय?"

"मावशी, तुम्हीच माझ्यासमोर झाकण उघडून बघितली होती की," दुकानदार म्हणाला. "भरलेली होती." खरंच भरलेली होती. तिला स्वच्छ आठवत होतं.

घरी येऊन तिने सगळी बॅग थराथराने बाहेर काढली. वरच्या कपड्यांना घामाचा वास होता. तिचाच घाम, तिला ओळखू आला. एकाच्या छातीवर कॉफी सांडलेली. मधल्या थरात एक पांढरा सदरा होता, त्याची एक बाही उलटी, काढता काढता कुणी हाक मारावी तशी. त्याच्याखाली मात्र सगळं कडक इस्त्रीचं. हिरव्या झग्याला कुणाचं बोटही लागलं नव्हतं.

अशा पेट्या मावशीने पाहिल्या होत्या. मधेच प्रयोग बंद पडला की पेटी अशीच परत यायची. कुठल्या प्रवेशापर्यंत नाटक चाललं, ते कपडे बघून कळायचं.

ती भ्याली. खाली बसली, पाणी प्यायली. आणि मग तिला भयंकर राग आला.

"माझा प्रयोग बंद पाडणारा तू कोण रे?" ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली.

शेवटच्या प्रवेशाचे कपडे अंगावर चढले म्हणजे प्रयोग पुरा झाला. तिने हिरवा झगा अंगावर चढवला आणि तशीच दूध आणायला गेली. जिन्यावर बसली, दळण आणलं, शेजारीण तोंडाला हात लावून बघत राहिली तरी मागे वळली नाही. खालच्या थरातला एकेक कपडा तिने असाच वापरून चुरगाळला, धुतला, इस्त्री केला आणि बॅग पुन्हा भरली. पुढच्या सकाळी बॅग कोरडी होती. ट्यूब काठोकाठ भरलेली. मावशी एकटीच हसली.

दुपारी लेक आली. "मीही येते तुझ्याबरोबर. तिकीट काढलंय." आईने रेशमी झग्यात दूध आणल्याचं शेजारणीकडून तिच्या कानावर गेलं होतं. आता आईला एकटं सोडायला ती तयार नव्हती.

मावशीला आनंदच झाला. "बॅग मी भरते तुझी. तुला घड्या घालता येतील तर शपथ." तिने लेकीच्या घरी जाऊन तिची बॅग भरली, आपल्या पद्धतीने, शेवटचं तळाशी.

जहाजाचा भोंगा झाला. धक्का मागे पडला. लेक लोखंडी भिंतीवर हुक चिकटवून हसत होती, "बरे आणलेस गं!" मावशीने लेकीचे कपडे टांगायला म्हणून तिची बॅग उघडली, आत हात घातला.

हात ओला झाला.

वरचे कपडे खारट वासाचे होते. त्याखालचे चुरगळलेले. त्याच्याखाली एक सदरा, बाही उलटी असलेला.

"आई? काय झालं?"

मावशीने तळातून लेकीचा निळा झगा ओढून काढला. "हा घाल."

"अगं, तो शेवटच्या रात्री..."

"आत्ता. माझ्यासमोर."

लेकीने हसण्यावारी नेत तो घातला. "बस," मावशी म्हणाली. ती बसली. "मांडी घाल. लोळ." ती लोळली, हसून हसून उठली. मावशीने पुढे होऊन झग्याचा घेर दोन्ही मुठीत धरला आणि जीव खाऊन आवळला.

सोडला.

कापड सरळ खाली पडलं. इस्त्रीची घडी होती तशी.

"माझी लेक आहे ती," मावशी दातओठ खाऊन कुणाला तरी म्हणाली आणि तिने पुन्हा मूठ आवळली. पुन्हा सोडली.

झग्यावर एक सुरकुती नव्हती.