दुसरे थांबणे

दुपारी अडीच वाजता प्रशिक्षण वर्गातले अकराही जण झोपलेले होते आणि डॉ. शिरीन मुजावर हजेरी घेत होत्या. नाव पुकारायची गरज नव्हती. प्रत्येकाच्या कपाळावर एक मऊ कापडी पट्टी होती. तिच्यावरचा बारीक दिवा हिरवट झाला, की माणूस जागेपण आणि झोप यांच्या मधल्या उंबऱ्यावर पोचला असे समजायचे. खिडक्यांना पिवळे पडदे होते. पंखा फिरला की सगळ्या खोलीतला उजेड पाण्यासारखा हलायचा.

हळद साठवणाऱ्या त्या कंपनीने सांगलीजवळच्या माळावर जुनी पेवे पुन्हा खोदली होती. वर अरुंद तोंड आणि खाली रांजणासारखे पोट असलेले हे खड्डे तोंड लिंपून बंद केले, की आतला माल श्वास घेत राहतो, प्राणवायू संपवतो, आणि मग त्यात किडा जगत नाही. वीज नको, औषध नको. पण पेवे राखणारी माणसे म्हातारी झाली होती. त्यांना जे कळत होते ते कुठल्याच फायलीत नव्हते. म्हणून कंपनीने ‘ज्ञानपाल’ तयार करायला घेतले होते.

सहा महिन्यांच्या या प्रशिक्षणातले पहिले चार महिने कोष्टके, सूची, जुन्या आवृत्त्या आणि कोणती नोंद कोणी पाहावी याचे नियम यांत गेले. डॉ. मुजावरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, “प्रत्येक नोंदीला मालक पाहिजे. मालक नसलेली नोंद म्हणजे रस्त्यावरचं वासरू. हाकलतात सगळे, पाणी कोणी पाजत नाही.”

शेवटचे दोन महिने ठशांचे होते. अनुभवी माणूस पट्टी बांधून उंबऱ्यावर झोपे आणि आपले काम मनात करून पाही. त्या वेळी मेंदूत उठणारे तरंग साठवले जात. तोच ठसा दुसऱ्याच्या पट्टीतून दिला, की त्याच्या बोटांना आणि नाकाला ते काम ओळखीचे वाटू लागे. ठशात शब्द उतरत नसत. वास, वजन, ऊन आणि भीती मात्र उतरत.

प्रणिता माळी या वर्गातली सर्वांत नेटकी विद्यार्थिनी होती. परीक्षेसाठी तिच्याकडे भूपालअण्णा चौगुले यांचा ठसा आला होता. अण्णा महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी ईश्वरी कदम येणार होती. प्रणिताने आधी स्वतः तो ठसा अनुभवायचा, त्यातले कंपनीचे आणि खासगी वेगळे काढायचे, आणि निवडलेला भाग ईश्वरीला द्यायचा. खासगी भाग तीन दिवसांनी आपोआप पुसला जाई. कायदाच तसा होता.

ती पट्टी बांधून झोपली. तळहातात हळकुंडे आली, खडबडीत आणि गार. ओलसर मालाचा किंचित आंबूस वास आला आणि हा ढीग आतून तापतोय हे तिला आपोआप कळले. मग पेवाचे तोंड दिसले. त्यातून पिवळा उजेड वर येत होता, जणू खाली दुसरा एक सूर्य ठेवला होता. त्या उजेडात कोणीतरी हसत होते. मग हसणे थांबले. छातीवर दगड ठेवावा तसे काहीतरी तिला जाणवले आणि बराच वेळ तसेच राहिले.

जागी झाल्यावर तिने तो शेवटचा तुकडा कापला आणि खूण केली: खासगी, कौटुंबिक. त्याला चार सेकंद लागले.

ईश्वरीला उरलेला ठसा दिला गेला. दुसऱ्या दिवशी माळावर, डॉ. मुजावर आणि सगळ्या वर्गासमोर, तिने डोळे मिटून बारा नमुने हुंगले आणि बाराही बरोबर सांगितले.

“माझी नोकरी खाल्लीस की गं तू,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, नाक तुमचंच आहे. मी नुसतं वापरायला घेतलंय.”

“मग शिंकताना सांभाळ. पस्तीस वर्षांची हळद हाय त्यात.”

सगळे हसले. सकाळचे दहा वाजले होते, आणि त्याच वेळी सहा नंबरचे पेव उघडायचे होते. लिंपण फोडले, झाकण बाजूला केले, ठरलेला वेळ जाऊ दिला. ईश्वरीने दोरीला प्राणवायूमापक बांधून आत सोडला. आकडा सुरक्षित होता. तिने नियमपुस्तकाप्रमाणे कमरेला दोर बांधला आणि पाय आत टाकला.

अण्णांनी तिचा दंड धरून तिला मागे ओढले. इतक्या जोरात, की ती मातीत बसली.

“मापक बरोबर दाखवतोय, अण्णा.”

अण्णांनी लांब वेळू उचलला आणि खालचा ढीग चारही बाजूंनी ढवळला. मग मापक पुन्हा सोडला, या वेळी कडेला. आकडा झरझर उतरला. पोटाच्या कडांना, मालाच्या फटींत जड वायू साचून होता. ढीग हलवताच तो बाहेर आला होता. ईश्वरी पहिले फावडे मारताच तिथेच कोसळली असती.

“हे नियमात का नाही?” डॉ. मुजावरांनी विचारले. “ढवळा, पुन्हा थांबा. एक ओळ लिहायची. आजच लिहू.”

“लिवा की,” अण्णा म्हणाले. “बा रोज सांगायचा, ढवळ आन् दुसऱ्यांदा थांब. बाळूला, माझ्या धाकट्या भावाला, ठाऊक न्हवतं व्हय? पाठ हुतं. त्या दिवशी घाई हुती, कंदील चांगला जळत हुता. म्हणला, काय हुतंय. हसत उतरला.”

वाऱ्याने लिंपणाची धूळ थोडी उडाली.

“नियम पाय धरत न्हाई, बाई,” अण्णा म्हणाले.

प्रणिताला छातीवरचा तो दगड आठवला. तिने नीट, नियमाप्रमाणे, जे काढून टाकले होते तेच पाय धरत होते. ते पुसले जायला आता दोन दिवस उरले होते.

दुपारी ती डॉ. मुजावरांसोबत अण्णांसमोर बसली. “तो तुकडा मी खासगी म्हणून काढला. तो तुमचा आहे. तुम्ही दिलात तरच ठेवता येईल. मग यापुढे जो जो पेवावर येईल, त्याच्या छातीत तो जाईल. नोंदीतलं नाव काढून टाकीन मी.”

अण्णांनी डॉ. मुजावरांकडे पाहिले. “दिल्यावर माझ्याकडं ऱ्हाईल न्हवं?”

“राहील. पण हा तुकडा अपुरा आहे. पुरा ठसा घ्यायला ती आठवण पुन्हा वर काढावी लागेल. आठवण वर काढली की मऊ पडते, अण्णा. परत ठेवताना थोडी बदलते. पुष्कळांना हलकं वाटतं.”

“हलकं नको,” अण्णा म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी पट्टीसाठी कपाळ पुढे केले.

चार दिवसांनी आठ नंबरचे पेव उघडले. आदल्या दुपारी ईश्वरीला पुरा ठसा दिला होता. सहा नंबरला तिने सगळे पाहिले होते, पण आज तिला कोणी आठवण करून दिली नव्हती. नवी ओळसुद्धा अजून तिला वाचायला दिलेली नव्हती. अण्णा तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

ऊन तिरपे आत पडले होते आणि तोंडातून पिवळा उजेड वर येत होता. मापकाचा आकडा चांगला होता. ईश्वरीने दोर बांधला, कडेशी आली, आणि थबकली. तिने वेळू उचलला. ढीग ढवळला, चारही बाजूंनी. मग ती पेवाच्या तोंडाशी मांडी घालून बसली. आजूबाजूची माणसे घड्याळाकडे बघत होती. ती बघत नव्हती. तिचा एक हात छातीवर होता.

“किती वेळ बसायचं?” कोणीतरी विचारले.

“माहीत नाही. अजून नाही.” मग ती खाली वाकली आणि पेवात, कोणाला तरी सांगावे तसे, हळूच म्हणाली, “भाकरी आलीय. वर ये.”

प्रणिताने भूपालअण्णांकडे पाहिले. त्यांनी तोंड फिरवले होते. त्यांच्या पाठीवरून तिला कळले की हे शब्द त्यांचेच होते, आणि फार जुने होते. ठशात शब्द उतरत नाहीत, हे तिला दोन महिने शिकवले होते.

ईश्वरीने मान वर केली. “मी काही बोलले का?”

“न्हाई,” अण्णा म्हणाले. “बस तू. मी बी बसतो.” ते गुडघे धरून तिच्या शेजारी टेकले आणि दोघेही त्या खालच्या उजेडाकडे बघत राहिले.

संध्याकाळी प्रणिताने नोंद पूर्ण करायला घेतली. विषय: पेव उघडणे. आवृत्ती: दुसरी. कोणी पाहावी: पेवावर येणारा प्रत्येक जण. एकच रकाना उरला होता. तिने तिथे कंपनीचे नाव लिहिले आणि खोडले. अण्णांचे लिहिले, तेही खोडले. मग ती हात थांबवून त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसली.

मालक कोण?