शेवटचे दोन आकडे

घशात गळ रुतलेली कासवीण टेबलावर निपचित पडली होती. वेळणेश्वरच्या कासव-रुग्णालयातली ही २०६३ सालची गोष्ट. डॉक्टर असलेले आबा भुलीची सुई हातात घेऊन थांबले होते.

"पायात पट्टी आहे, म्हणजे ही पूर्वी इथे येऊन गेली आहे. भूल सोसते की नाही, ते कळल्याशिवाय सुई टोचणार नाही."

पट्टीवरचा क्रमांक मात्र घासला गेला होता. शेवटचे ४७ तेवढे दिसत होते, आणि नोंदी होत्या अकरा हजार सहाशे चाळीस! आबांची नात शर्वाणी पहिल्यापासून वाचायला बसली.

"अशाने दिवाळी उजाडेल," टिपण म्हणाला. टिपण म्हणजे तिथला यंत्रमानव. "तक्त्यातली प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एका कासवाची एका वेळची नोंद. उभे रकाने म्हणजे त्याची माहिती. तू फक्त अट सांग. अटीत न बसणाऱ्या ओळी मी झाकतो. यालाच फिल्टर (गाळणी) म्हणतात."

"क्रमांकाच्या शेवटी ४७!"

उरल्या एकशे सोळा.

"मादी!"

अठ्ठावन्न. शर्वाणीला चेव चढला. टेबलावरच्या कासविणीकडे बघत ती म्हणाली, "उजव्या मागच्या पायाला खाच, वजन एकोणचाळीस किलो!"

शून्य.

"आबा, ही आपल्याकडे नाहीच हो!" तिला रडू फुटलं.

"अगो, रडतेस काय? अति तिथे माती! वजन आजचं, नोंद जुनी. तेव्हा ती एवढीच होती कशावरून?"

"आणि मी ओळी झाकतो, पुसत नाही," टिपणने सांगितलं.

शर्वाणीने डोळे पुसून वजनाची अट काढली. पडद्यावर एकच ओळ आली: 'वजन चौतीस. भूल देताना श्वास थांबू लागला. पुढे निम्मीच मात्रा द्यावी.'

आबांनी सुईतलं निम्मं औषध काढून टाकलं. वीस मिनिटांत गळ बाहेर आला. कासविणीने डोळे उघडले, तेव्हा शर्वाणीने आनंदाने टिपणच्या लोखंडी पाठीत धपाटा घातला आणि हात चोळत बसली.

"ही नोंद केली कोणी?"

"नऊ वर्षांपूर्वीची आहे. एका शिकाऊ मुलीने केली होती, सुमेधा गुरव," टिपण म्हणाला.

न पाहिलेल्या त्या सुमेधाताईचं शर्वाणीला फार कौतुक वाटलं. केवढ्या काळजीने लिहिलं होतं तिने!

शर्वाणीने आजच्या खेपेसाठी नवी ओळ उघडली. एकेक रकाना भरत गेली, खाचेची लांबीसुद्धा मोजपट्टीने मोजून लिहिली.

"एवढं बारीक कोणासाठी?" आबांनी विचारलं.

"ही पुन्हा येईल तेव्हा इथे जो कोणी असेल, त्याच्यासाठी."